चुलीच्या देवीचा जाहीर निषेध

१ जानेवारी, बुधवार. सकाळ.
नव्या वर्षाचा संकल्प एकच. रागवायचं नाही. डॉक्टर म्हणाले, नॉर्बर्ट, रक्तदाब बघ तुझा. मी त्यांना सांगितलं की मुळात मी रागीट नाही. लोक चुका करतात, मी त्या दाखवतो. याला राग म्हणत नाहीत, निरीक्षण म्हणतात. इमारत तपासनीस म्हणून नगरपालिका मला याचाच पगार देते. मॅनिटोवॉकमधला एकही जिना माझ्या टेपेखालून गेल्याशिवाय जिना ठरत नाही.

संध्याकाळ.
बर्नाडेटचा फोन. माझी थोरली बहीण. घर विकून एप्रिलमध्ये ॲरिझोनाला जातेय. तिचे गुडघे म्हणतात, आता थंडी पुरे. म्हणजे तिच्या तळघरात इतकी वर्षं चाललेला आमचा खेळ मार्चअखेर संपणार. मी अभिनंदन केलं. राग मुळीच आला नाही.
कपाचा कान तुटला. हल्ली कप नाजूक बनवतात.

१९ जानेवारी, रविवार.
फुटबॉलमधून आपला संघ बाहेर पडला, रविवार मोकळे झाले, खेळ पुन्हा सुरू: टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, ते काय करतं ते सांगायचं, जमलं की फसलं ते फासा ठरवतो. शेवटची मोहीम: मार्चअखेर अंगारमुख ड्रॅगनला मारायचं. बर्नाडेट सूत्रधार. सगळे देव, सगळे राक्षस, पाऊसपाणी, सरायांचे मालक, सगळ्यांच्या तोंडून तीच बोलते. जन्मभर शाळेत शिकवलं, त्यामुळे सर्वज्ञ असण्याची सवय आहे.

मंडळी तीच. शेजारचा ड्वेन, त्याचं पात्र निब्स, भुरटा चोर. आमच्या चर्चच्या पास्टर कॅरिन, त्यांचं पात्र ग्रुमा, कुऱ्हाडवाली रानटी बाई. सकाळी क्षमेवर प्रवचन आणि दुपारी मुंडकी. आणि मी. माझं पात्र ब्रदर ऑल्डरिक, चुलीची देवी हेल्सा हिचा पुजारी. गळ्यात तांब्याची पळी. देवीची आज्ञा: थंडीत कुणाला उघड्यावर सोडू नये. पात्राच्या कागदावर ‘कल’ असा एक रकाना असतो. माणूस सज्जन की दुर्जन, शिस्तीचा की मनमानी, ते तिथे लिहायचं. बाकीचे पेन्सिलीने लिहितात. माझं पहिल्या दिवसापासून पेनाने लिहिलेलं आहे: शिस्तप्रिय सज्जन.

आज अघटित घडलं. मी वाटीत बूया घ्यायला जिना चढून वर गेलो होतो. (बर्नाडेटचा बूया म्हणजे कोंबडी, भाज्या आणि अर्धा दिवस उकळण्याची चिकाटी.) परत येतो तर ड्वेनच्या हातात माझा निळा फासा. वीस बाजूंचा. माझा. दुसऱ्याच्या फाशाला हात लावू नये हे या खेळात शेंबडं पोरही जाणतं. एकवेळ माणसाचा दातांचा ब्रश वापरा. ड्वेन म्हणाला, अरे नॉर्ब, माझा टेबलाखाली गेला रे, म्हणून तुझा टाकला. आणि पडलं काय? एक, म्हणजे सगळ्यात वाईट. इतक्या वर्षांत माझ्या हातून या फाशावर एक पडलेला नाही. (फारसा.)

एक पडल्यामुळे निब्स खड्ड्यात पडला, सुळ्यांवर. रक्त वाहायला लागलं. जखमा भरायचा मंत्र माझ्याकडे. बर्नाडेटने विचारलं, ऑल्डरिक काय करतो? मी म्हटलं, ऑल्डरिक हाताची घडी घालून उभा आहे. तिने विचारलं, नक्की? मी म्हटलं, चोराला चोरीचं फळ. ती म्हणाली, नॉर्ब, तो मरतोय. मी म्हटलं, कायद्याने मरतोय.
शेवटी ग्रुमाने अंगावरचं अस्वलाचं कातडं फाडून पट्टी बांधली. जगला.
तत्त्व शाबूत ठेवून घरी आलो. झोप उत्तम.

२० जानेवारी, सोमवार.
रात्रभर बर्फ. बर्फ उडवायचं यंत्र काढून माझ्या घरापुढची पायवाट साफ केली. आमच्या गल्लीत रीत अशी की ज्याच्याकडे यंत्र आहे त्याने शेजाऱ्याचीही वाट साफ करून द्यायची. यंत्र माझ्याचकडे आहे. आज ड्वेनच्या हद्दीवर थांबलो. नियम सांगतो की ज्याने त्याने आपल्यापुढचं साफ करावं. बर्फाची कड काटकोनात आली. बघत राहावं अशी.

२६ जानेवारी, रविवार.
लिहिताना कागद दोनदा फाटला. थंडीने.

जादूगाराची गोष्ट वेगळी. तो पोथी घोकतो, मंत्र त्याच्या मालकीचा. पुजाऱ्याचं सगळं भांडवल उसनं. रोज पहाटे हात जोडायचे, देवाने त्या दिवसापुरते मंत्र द्यायचे. आजवर हा निव्वळ उपचार होता, जेवताना मीठ मागावं तसा. मी म्हणायचो ‘ऑल्डरिक प्रार्थना करतो’, बर्नाडेट म्हणायची ‘बरं’, की झालं.
आज ती ‘बरं’ म्हणाली नाही. म्हणाली, वेदी गार आहे. राखेत ठिणगी नाही. हेल्सा बोलत नाही.
मला वाटलं, थट्टा. थट्टा नव्हती. जखमा भरणं बंद, प्रकाश बंद, पाणी शुद्ध करणंसुद्धा बंद. ज्याला त्याच्या देवाचाच कल पाळता येत नाही त्याला देव मंत्र देत नाही, असा नियम तिने दाखवला. मला दाखवला! ते पान मी इतरांच्या तोंडावर फेकत आलोय.

मी कागद पुढे केला. म्हटलं, वाच: शिस्तप्रिय सज्जन. पेनाने. ती म्हणाली, पेनाने तू ‘उंच’ असं लिहिलंस तर उंच होशील का रे? ड्वेन हसला. निब्सला जिथे जखम झाली तिथे स्वतःचा हात ठेवून हसला, म्हणजे नाटकीपणाची कमाल.
तज्ज्ञ म्हणून मी पास्टर कॅरिनना विचारलं की एकदा दिलेला अनुग्रह देवाला असा परत घेता येतो का? त्या म्हणाल्या, नॉर्ब, मी इथे रानटी आहे, मला वाचता येत नाही. मग म्हणाल्या, सकाळी या, सकाळी सांगते. सकाळी मी गेलोच होतो. प्रवचन लांबलं.

संकल्प: पुढच्या रविवारी रीतसर अपील.

२ फेब्रुवारी, रविवार.
अपील केलं. उभं राहून. चोराला वाचवणं म्हणजे चोरीला उत्तेजन, हा मुद्दा मी इतिहास, व्यवहार आणि इमारतींचे नियम या तिन्ही अंगांनी मांडला. बर्नाडेट वाटीतला बूया ढवळत ऐकत होती. अपिलात न्यायाधीशाने ढवळू नये, पण ते असो.
निकाल: अपील नामंजूर, प्रायश्चित्त खुलं. मी म्हटलं, सांग, कुठला राक्षस मारू? सोनं किती अर्पण करू? ती म्हणाली, राक्षस नको, सोनं नको. ज्याला उघड्यावर सोडलंस त्याच्या दाराशी जा, आणि ऊब दे.
मी लगेच पेच पकडला. निब्स बेघर आहे. त्याला दारच नाही. सबब प्रायश्चित्त अशक्य, सबब शिक्षा बेकायदा.
पास्टर कॅरिन खोकल्या. ड्वेन खिडकीबाहेर बघत होता. बर्नाडेट म्हणाली, लहानपणीसुद्धा तू असाच होतास. हा मुद्दा अप्रस्तुत आहे. नोंद करून ठेवतो.

५ फेब्रुवारी, बुधवार.
पुन्हा बर्फ. हद्दीपर्यंत साफ केलं. पलीकडे ड्वेन फावड्याने उपसत होता. एक खांदा दुखरा, त्यामुळे फावडं डावीकडे वाकडं. त्याने हात हलवला. मी मान हलवली. (किंचित.)
मग संशय आला म्हणून टेप लावली. माझं यंत्र चार बोटं त्याच्या हद्दीत गेलं होतं. तेवढा बर्फ फावड्याने परत टाकला.
शिस्तप्रिय. आणि म्हणे देवीला दिसत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार.
देव बदलला. इतकं सोपं होतं तर आधीच बदलायला हवा होता. पाळायला एवढे देव पुस्तकात असताना माणसाने एका चुलीपाशी फुंकत का बसावं?
नवा देव ऑर्स्कन, न्यायाचा देव. हातात तराजू आणि लोखंडी दंड. शिस्तप्रिय सज्जन, माझ्यासारखाच. मी समारंभपूर्वक तांब्याची पळी दरीत भिरकावली. निब्सने लगेच खाली उतरून ती उचलली. चोर तो चोरच. ड्वेनला विचारलं, कशाला? म्हणाला, राहू दे रे, डाळ ढवळायला होईल.
बर्नाडेटने बजावलं की ऑर्स्कन जखमा भरत नाही. मी म्हटलं, उत्तम, जखमा भरून लोक सोकावतात. कॅरिन म्हणाल्या, मग आम्हाला लागलं तर? मी म्हटलं, नियमाने चालणाऱ्याला लागत नाही.
ऑर्स्कन एकच मोठा मंत्र देतो: न्यायवज्र. उच्चारताच त्या दालनातल्या अपराध्यावर वीज पडते. ढाल नाही, चुकवणं नाही, फासासुद्धा नाही. अंगारमुखाने तीन गावं जाळली आहेत. एक मंत्र, खेळ खलास. बर्नाडेटला ॲरिझोनात आठवत राहील की शेवट कुणी केला.

१६ फेब्रुवारी, रविवार.
ऑर्स्कनचे नियम कडक आहेत. मला आवडतात. परवानगीशिवाय कुणाच्या वास्तूत शिरायचं नाही. त्यामुळे अंगारमुखाच्या चाकरांच्या किल्ल्यापुढे आम्ही परवानगीची वाट बघत उभे राहिलो. वरून बाण. ग्रुमाच्या मांडीत दोन. कॅरिनच्या तोंडून पास्टरला न शोभणारा शब्द गेला. त्या म्हणाल्या, ग्रुमा बोलली, मी नाही.
मुक्कामाला निब्सने शेकोटी केली, पळीने डाळ ढवळली, आधी ग्रुमाला वाढली, मग मला. मी नाकारली, कारण डाळ चोरीची. ती माझ्यासमोर ठेवून तो न जेवता झोपला. भांडं पुरलं नाही म्हणे. बर्नाडेटने काहीतरी टिपून घेतलं. मी मान लांब करून विचारलं, काय लिहितेस? म्हणाली, वाणसामान.

४ मार्च, मंगळवार.
पास्टर कॅरिनचा फोन. ड्वेनच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली, हात झोळीत आहे, अंदाज मोठ्या बर्फाचा आहे, तुमचं यंत्र जरा पुढे न्याल का? मी नियम सांगितला. त्या म्हणाल्या, नियम मला माहीत आहे नॉर्ब, मी वाट विचारतेय. मी म्हटलं, त्याने स्वतः विचारलं तर विचार करीन. त्या म्हणाल्या, तो विचारणार नाही, त्याला वाटतं तुम्ही अजून त्या फाशावरून चिडलेले आहात.
कोण चिडलंय!
फोन आपटला. हल्लीचे फोन आपटता येत नाहीत, काच जाते. हा रचनेचाच दोष आहे.

५ मार्च, बुधवार.
मोठा बर्फ आला. हद्दीपर्यंत केलं. पलीकडे कॅरिन फावडं मारत होत्या. प्रवचनाची तयारी सोडून! मी त्यांना दिसू नये म्हणून यंत्राच्या मागे वाकलो. पाठीत उसण भरली. याला ड्वेन जबाबदार.

१६ मार्च, रविवार.
बर्नाडेटच्या घरात खोकीच खोकी. खेळायला टेबल उरलं आहे, खुर्च्या गेल्या. खोक्यांवर बसून खेळलो. अंगारमुखाच्या गुहेच्या तोंडाशी पोहोचलो. पुढचा रविवार शेवटचा.
निघताना ती म्हणाली, नॉर्ब, चूल अजून पेटवता येईल, हेल्साचं दार उघडं आहे. मी म्हटलं, दार उघडं ठेवून चूल पेटवली तर उष्णता वाया जाते. ती म्हणाली, ते तुला नाही कळायचं. मी म्हटलं, तू जाणार, मग दार उघडं असलं काय आणि नसलं काय.
ती खोक्याला चिकटपट्टी लावायला वळली. वाद मीच जिंकला. गाडीत बराच वेळ इंजिन तापवत बसलो.

२३ मार्च, रविवार. सकाळ.
आज. न्यायवज्र पाठ आहे. फासा पुसून ठेवला, लागणार नाही तरी. भाषणही तयार आहे. त्यात बर्नाडेटबद्दल एक वाक्य घातलंय. योग्य वाटलं तर म्हणीन.

२३ मार्च. संध्याकाळ.
निषेध. निषेध. निषेध.

क्रमाने लिहितो, उद्या कुणी खोटं सांगू नये म्हणून. गुहा. अंगारमुख सोन्यावर झोपलेला. मी उभा राहिलो, म्हणजे खोक्यावरून उठलो, आणि मंत्र उच्चारला: या दालनात जो अपराधी असेल त्याच्यावर. बर्नाडेटने पुस्तक मिटलं. वीज पडली, म्हणाली. मी म्हटलं, ड्रॅगन मेला का? ती म्हणाली, ऑल्डरिक पडला.
मी म्हटलं, काय?
ती म्हणाली, ड्रॅगन भुकेपोटी जाळतो, ते जनावर आहे, त्याला अपराध कळत नाही. निब्स चोर खरा, पण चोरीपायी खड्ड्यात पडून भोगून आलाय. ग्रुमाने माणसं मारली, पण ती रोज रात्री त्यांची नावं घेऊन प्रायश्चित्त करते, कॅरिनने पहिल्याच वर्षी लिहून दिलंय. ज्याने देणं असून दिलं नाही आणि भरपाईही केली नाही, असा दालनात एकच होता. ऑर्स्कनने तराजू बघितला.
मी म्हटलं, पण तो माझा देव आहे! ती म्हणाली, म्हणूनच.

ऑल्डरिक जमिनीवर. मरणाच्या दारात. जखमा भरणारा कुणी नाही, कारण जखमा भरणारा मीच होतो. ग्रुमा कुऱ्हाड घेऊन ड्रॅगनशी एकटी. इतक्या वर्षांचा ऑल्डरिक, आणि शेवटच्या रविवारी, सगळ्यांच्या आधी, स्वतःच्याच विजेने. मी चष्मा काढून पुसला. बूयाची वाफ असावी.

तेव्हा ड्वेन म्हणाला, निब्स पळी काढतो. आणि प्रार्थना करतो. मी म्हटलं, चोराला प्रार्थना येत नाही. ड्वेन म्हणाला, नाहीच येत रे. मग बर्नाडेटकडे बघून, झोळीतला हात सावरत म्हणाला: बाई, मला तुमचं काही माहीत नाही. हा माणूस खडूस आहे, पण आमचा आहे. गार पडतोय. काही करता आलं तर बघा.
याला प्रार्थना म्हणतात? ना संबोधन, ना स्तुती, ना फलश्रुती!

बर्नाडेट म्हणाली, फासा टाक. वीस बाजूंचा. ड्वेनने आपला फासा शोधला नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, नॉर्ब, तुझा देतोस का?
सगळे माझ्याकडे वळले. कॅरिनसुद्धा.
दिला. निव्वळ डावपेच म्हणून. मरणारा ऑल्डरिक माझा होता, दुसऱ्याच्या फाशावर कशाला विसंबायचं?
त्याने डाव्या हाताने टाकला. पडलं तीन.
तीन! तिनात कुठलाही मंत्र लागत नाही. मी म्हणणारच होतो. पण बर्नाडेटने फाशाकडे बघितलंच नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती. म्हणाली, राखेत ठिणगी पडली. हेल्सा ऐकते. ऑल्डरिकला ऊब लागते, तो डोळे उघडतो.
मी पान विचारलं. कुठल्या पानावर? तीन पडलेलं कुठे चालतं? ती म्हणाली, नॉर्ब, डोळे उघड आणि गप्प बस.

पुढे ग्रुमाने ड्रॅगन मारला. कुऱ्हाडीने. काही नियमबियम न बघता. भाषण राहून गेलं.
बूयाचं मोठं पातेलं बर्नाडेटने मला दिलं. मी म्हटलं, एकट्या माणसाला एवढं कशाला? म्हणाली, तेच तर.

२४ मार्च, सोमवार.
तिन्ही पुस्तकं चाळली. चोराला देवीने मंत्र द्यावा असा नियम नाही. देऊ नये असाही नाही. ही त्रुटी प्रकाशकांना कळवणार.

४ एप्रिल, शुक्रवार.
बर्नाडेट गेली. विमानतळावर सोडलं. तिला म्हणायचं वाक्य खिशातच राहिलं. सुरक्षेच्या रांगेत बोलू नये, लोकांचा खोळंबा होतो.

८ एप्रिल, मंगळवार. सकाळ.
एप्रिलमध्ये बर्फ! या राज्याच्या हवामानाला शिस्त नाही.
यंत्र काढलं. हद्दीपाशी आल्यावर दांडा अडकला. त्यामुळे यंत्र थांबेना, ते ड्वेनच्या दारापर्यंत गेलं. पायऱ्याही झाल्या. यंत्राला पायऱ्या चढता येत नाहीत, त्या फावड्याने करायला लागल्या, कारण अर्धवट काम धोकादायक असतं आणि मी तपासनीस आहे. ड्वेन दारात आला, म्हणाला, काय रे, रस्ता चुकलास? मी म्हटलं, दांडा अडकला. तो म्हणाला, असतं असं. आत ये, कॉफी गरम आहे. मी म्हटलं, तुझ्या जिन्याचा कठडा नियमापेक्षा बुटका आहे. तो म्हणाला, बरं, मग आत येऊन मोज.
मोजला. बुटकाच आहे.

१३ एप्रिल, रविवार.
नवा खेळ, ड्वेनच्या तळघरात. सूत्रधार ड्वेन. पातेलं मी नेलं, माझ्या ओट्यावर मावत नाही म्हणून. बूया करपला. पातेल्याचा दोष. कॅरिननी दोनदा घेतला, म्हणजे ग्रुमाने घेतला.
नवं पात्र करायचं होतं. पुन्हा पुजारीच. कुठल्या देवाचा, ते बघू, घाई नाही. कलाच्या रकान्यापाशी आलो. पेन घरी राहिलं होतं. ड्वेनची पेन्सिल घेतली आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: शिस्तप्रिय सज्जन.
ड्वेनने वाचलं. खोडरबर माझ्याकडे सरकवलं.